गेम खेळताना बंद पडलेला पीसी पुन्हा सुरूच होत नाही: तुम्ही विचारलेत म्हणून

"गेम चालू असताना पीसी एकदम बंद पडला आणि आता बटण कितीही दाबले तरी सुरू होत नाही, काय गेले असेल?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याची मनाची तयारीही केलेली असते. मी त्याला आधी एवढेच विचारतो की, यापूर्वी असे झाले तेव्हा पीसी शेवटी कशाने सुरू झाला? कोणता गेम चालू होता, कोणत्या प्रसंगी पडदा काळा झाला, हे सगळे जण तपशीलवार सांगतात. पुन्हा सुरू होण्यासाठी त्याला काय करावे लागले, हे मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात असते. दोषाचा माग बहुधा तिथूनच लागतो, असा माझा अनुभव आहे.

समजा, बटण दाबून काहीही झाले नाही, पण भिंतीवरचा स्विच बंद करून काही मिनिटांनी पुन्हा चालू केल्यावर पीसी निमूटपणे सुरू झाला. अशा वेळी माझा पहिला संशय एसएमपीएसवर (भिंतीवरची वीज पीसीच्या भागांना लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणाऱ्या डब्यावर) आणि त्याच्या केबलींवर जातो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला किंवा कुठे शॉर्ट झाला, की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो, आणि अनेक एसएमपीएस मुख्य वीजपुरवठा तोडून थोडा वेळ जाऊ दिल्याशिवाय त्या अवस्थेतून बाहेर येत नाहीत. या काळात मदरबोर्डवरचा छोटा दिवा लागलेला असू शकतो, म्हणून अनेकांना वाटते की वीज तर व्यवस्थित येते आहे. तो दिवा पाच व्होल्टच्या राखीव पुरवठ्यावर चालतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ज्या बारा व्होल्टवर चालतात, त्यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

माझ्या स्वतःच्या पीसीच्या बाबतीत हे समजायला मला फार वेळ लागला. तो नेमका जड दृश्यांच्या वेळी बंद पडत असे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसे आणि मी तिलाच निदान समजलो. प्रत्यक्षात ती नोंद एवढेच सांगते की यंत्रणा रीतसर बंद झाली नव्हती; कारण तिलाही ठाऊक नसते. मी विंडोज नव्याने टाकले, रॅम काढून पुन्हा बसवली, प्रोसेसरची पेस्ट बदलली, आणि दोष जागच्या जागी राहिला. शेवटी कॅबिनेट आडवे ठेवून ग्राफिक्स कार्डाचा प्लग ओढला, तेव्हा तो नेहमीसारखा सहज निघाला नाही, किंचित चिकटल्यासारखा आला. उजेडात धरून पाहिले तर त्यातल्या एका पिनेभोवतीचे प्लास्टिक पिवळट तपकिरी झाले होते. माझ्या कार्डाला आठ पिनांचे दोन सॉकेट होते आणि दोन्ही एकाच केबलीच्या दोन तोंडांनी जोडलेले होते. अशा प्रत्येक सॉकेटला मानकानुसार १५० वॉट गृहीत धरलेले असतात, म्हणजे त्या एका केबलीवर दोघांचा भार येत होता. शिवाय माझ्या एसएमपीएसमध्ये बारा व्होल्टचा पुरवठा वेगवेगळ्या रेलमध्ये, म्हणजे स्वतंत्र वाटांमध्ये, विभागलेला होता आणि प्रत्येक रेलला स्वतःची मर्यादा होती. ती मर्यादा जड दृश्यात ओलांडली जात असे. करपलेली केबल काढून टाकून त्याच एसएमपीएससोबत आलेल्या दोन स्वतंत्र केबली वेगवेगळ्या रेलवर लावल्यावर पीसी पुन्हा तसा बंद पडला नाही.

'त्याच एसएमपीएससोबत आलेल्या' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. सुट्या होणाऱ्या केबलींची एसएमपीएसकडची जोडणी प्रत्येक कंपनीची, काही वेळा प्रत्येक मॉडेलची, वेगळी असते. प्लग बसला म्हणून दुसऱ्याची केबल वापरली, तर ड्राइव्ह किंवा मदरबोर्ड एका क्षणात जळू शकतो. आणि एसएमपीएसचे झाकण कृपया कोणीही उघडू नये; प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक राहतो.

वॉटची बेरीज नीट असूनही पीसी असा बंद पडतो, अशी तक्रार मी पुष्कळ ऐकतो. आधुनिक ग्राफिक्स कार्डे काही मायक्रोसेकंदांपुरती सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या पीसीच्या एसएमपीएससाठीच्या मानकात म्हणूनच मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अपेक्षा घातली गेली. जुना एसएमपीएस तेवढ्याने गडबडत असेल, तर ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढण्याची कमाल मर्यादा) सॉफ्टवेअरमधून कमी करून खेळून पाहावे. त्याने पीसी बंद पडणे थांबले, तर संशयाला बराच आधार मिळतो.

पंखे फिरत राहतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच, हे दुखणे वेगळे. तिथे मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) अशी नावे असलेले छोटे दिवे असतील, तर जो लागून राहिला असेल त्याच्यापासून सुरुवात करावी. रॅमची एकच पट्टी मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये (बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या) ठेवून पाहावी, सीमॉस रीसेट करावा, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणाव्यात. डीडीआर५ रॅम असेल तर त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला काही मिनिटेही लागू शकतात. घाईने वीज तोडू नये.

पंखे क्षणभर हलून लगेच थांबत असतील, तर प्लग काढून ग्राफिक्स कार्ड बाहेर काढावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. आता पंखे फिरत राहिले, तर दोष कार्डात किंवा त्याच्या पुरवठ्यात आहे. तरीही थांबले, तर चालू असल्याची खात्री असलेला दुसरा एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या केबलींसह लावून पाहावा. त्यावरही तेच झाले, तर मदरबोर्ड दुरुस्तीला द्यावा, आणि देताना यातले काय काय करून पाहिले ते क्रमाने कागदावर लिहून सोबत द्यावे, म्हणजे तिथल्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.