तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

मला कोणताही आजार झालेला नाही. लग्नाच्या मांडवात, आठवडी बाजारात, कुणाच्या तेरवीलासुद्धा बाया मला बाजूला घेतात. "काय झालं वं बाई? साखर लागली का?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न तयारच असतो, "मंग खातं तरी काय?" पन्नाशीत माझं वजन ७८ किलोवरून ६५ वर आलं आणि थोडं खालीवर होत तिथंच राहिलं. तेवढ्यासाठी कुणी माझ्या ताटात डोकावलं की मला राग येतो, हे आधीच सांगते. तरी एकदा नीट सांगायला हवं. माझं अर्धवट ऐकून शेजारच्या एकीनं रात्रीचं जेवण सोडलं आणि ती नळावर चक्कर येऊन पडली.

ज्वारीच्या भाकरीनं वजन उतरलं नाही. भाकर चांगलीच, पण तीन खाल्ल्या की साखर वाढायची ती वाढतेच. मेथीच्या पाण्यानंही नाही. दिवसातून दोनदाच जेवायचं, ही पद्धत काटोलचे आमदार राहिलेले डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवली. माझ्या दिराला ती जमली. निंदणाच्या दिवसांत सकाळी वावरात जाणाऱ्या मला नाही जमली. शहरातली भाची विचारते, वजन उतरवायचं ते नवं इंजेक्शन घेतलं का? नाही घेतलं. डॉक्टरांनी ज्यांना दिलंय त्यांना मी नावं ठेवणार नाही.

खरं कारण दादाचं आहे आणि ते मांडवात सांगण्यासारखं नाही.

पोळ्याला माहेरी गेले होते. दादा बैल धुऊन आला आणि ओसरीत खाटेवर बसला. वहिनीनं पाय धुवायला पाणी ठेवलं. तळवा वर केला तेव्हा अंगठ्याखाली एक काळा ठिपका दिसला. मला वाटलं, मातीच असेल. नखानं खरवडलं, निघेना. मग चिमट्यानं ओढलं तर बाभळीचा काटा बाहेर आला, चांगला पेरभर लांब, आणि त्याच्यामागून पिवळट पाणी. मी दादाकडं पाहिलं. तो अंगणात बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या पोराला काहीतरी सांगत होता. वळून म्हणाला, "निघाला का? मले तर काईच नाई समजलं." किती दिवस तो त्या काट्यावर चालत होता, ते त्यालाही सांगता आलं नाही. साखर त्याला कितीतरी वर्षांपासून होती. गोळी चक्कर आली की घ्यायचा, बरं वाटलं की बंद. वाढलेली साखर पायाच्या नसा मारते, माणसाला दुखणं कळेनासं होतं, जखम भरत नाही. हे आम्हाला दवाखान्यात कळलं. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय. दादानं तेव्हाही तोंडातून आवाज काढला नाही. रडली ती वहिनी, धुऱ्यावरच्या बाभळींना शिव्या देत.

तिथंच माझं रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी ६.३ आली. ५.७ पासून सावध व्हायचं आणि ६.५ ला मधुमेह, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं. कमरेला टेपही लावला. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. माझी किती होती ते सांगत नाही.

"भावाले पाहून भेली", असं म्हणतात. भ्याले होतेच. पण ती भीती दिवाळीपर्यंतच टिकली. घरात चकल्या-अनारसे झाले आणि माझा हात पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला. मग टिकलं ते काय?

मी सगळ्यांसोबत जेवायला बसू लागले. आधी सगळ्यांचं झाल्यावर बसायची. उरलेली पोळी, पातेल्यातला भात, नातवानं टाकलेलं, सगळं माझ्या पोटात. टाकवत नव्हतं. आता ते ढोरांना जातं. वरण घट्ट केलं, अंडं सुरू केलं, कारण चाळिशीनंतर अंगातलं मांस आपोआप झडतं आणि नुसतं उपाशी राहिलं तर चरबीसोबत तेही जातं. पहाटे पांदणीनं चालते. मे महिन्यात आपल्याकडं सकाळी आठलाच ऊन पोळतं, म्हणून अंधारातच निघते. सुरुवातीला लोक विचारायचे, "वावर तं इकडे नाई, मंग कुठं चालल्या?" पावसाळ्यात पांदण चिखलानं बंद झाली आणि चार किलो परत आले. वजन उतरलं की भूक वाढते, शरीर कमीत भागवायला लागतं आणि गेलेलं परत मागतं. त्यामुळे "आता झालं ना, मग खा की" असं कुणी म्हटलं की मला उत्तर सुचत नाही. झालेलं काहीच नाही.

पूर्वीची मी म्हणायची, बाळंतपणं झाली, पाळी गेली, आता शरीर सुटणारच, त्याला काय करायचं? तिच्याशी अजून भांडते. तिचं अर्धं खरंच आहे. त्या वयात पोटावर चरबी चढतेच. आणि ती हसतमुख होती, हेही खरं. मी आता जेवताना मनात हिशेब करते. तो कधी सुटेल असं वाटत नाही.

सासूबाईंना तर काहीच पटलेलं नाही. त्यांचं माहेर बुलढाण्याकडचं. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी वाटपात मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले. घरात असून न खाणं म्हणजे अन्नाला पाठ दाखवणं, असं त्या म्हणतात. रोडग्यांच्या पंगतीत माझ्या ताटात दुसरा रोडगा ठेवायला येतात, मी हात आडवा करते आणि त्यांचा चेहरा उतरतो. त्या चूक आहेत असं मला वाटत नाही. तरी मी हात काढत नाही.