दीर्घ आजारात रोमन गृहपूजा: काय सोडायचं, काय नाही

प्राचीन रोमच्या घरगुती धर्मात शब्द बरोबर, क्रम बरोबर आणि नैवेद्य ज्याच्या नावानं काढला त्याला दिला, एवढं झालं की विधी पुरा होतो. तो केवढा मोठा होता याला फारसं महत्त्व नाही. म्हणून संधिवात, दमा, सततचा थकवा असलेल्या माणसालाही तो पाळता येतो. पाळणं मोडतं ते अंगात ताकद असलेल्या दिवशी वेळापत्रक आखल्यामुळे. ते नेहमी वाईटातल्या वाईट दिवसाच्या मापानं आखावं.

महिन्यात तीन दिवस पुरतात: कॅलेंड्स (१ तारीख), नोन्स (५) आणि आयड्स (१३). मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये नोन्स ७ ला आणि आयड्स १५ ला. रोमन लेखक काटो याच्या शेतीवरच्या ग्रंथात कारभारणीनं याच दिवशी चुलीवर हार घालून घराचा रक्षक असलेल्या लार देवाची प्रार्थना करावी असं सांगितलंय. दिवस चुकला तर लगेच दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. या तिन्हींचा दुसरा दिवस रोमन लोक अशुभ मानत. एक दिवस सोडून करा, नाहीतर पुढच्या तिथीची वाट पाहा. घरातलं दुसरं कुणी करणार असेल तर तेही चालतं. काटोच म्हणतो की घरधनी साऱ्या घरादाराच्या वतीनं पूजा करतो.

विधीचा क्रम असा. हात धुवा, उठवत नसेल तर ताम्हनात पाणी घेऊन पलंगावरच. डोक्यावरून कापड घ्या. मायग्रेन असेल तर जुनं मऊ सुती कापड घ्या, जड शाल नको. आधी यानुस (आरंभाचा देव), मग ज्यांच्यासाठी विधी आहे ते देव, शेवटी वेस्ता (चुलीची देवी). देवाचं नाव, काय देतोय आणि कुणासाठी मागतोय, हे तिन्ही स्पष्ट उच्चारा. पूजेनंतर खाली बसावं हा नियम परंपरेनं रोमच्या जुन्या नुमा राजाच्या नावावर आहे, त्यामुळे उभं राहवत नसलेल्यानं बसल्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये.

औषधांनी डोकं जड असलं की शब्द निसटतात. पाठांतराचा हट्ट सोडा, कागदावरून वाचा. रोमन लेखक प्लिनीनं सरकारी विधींचं वर्णन केलंय: एक जण लिहिलेल्यातून आधी म्हणतो, दुसरा चुकांवर नजर ठेवतो, तिसरा शांतता राखतो. बघून वाचणं म्हणजे तडजोड नाही, तीच रीत आहे. चूक झालीच तर रोमन लोक सबंध विधी पुन्हा करत. म्हणून विधी चार मिनिटांचा ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा करायला त्राण उरतं. तेही नसेल तर चिमूटभर नैवेद्य अजून द्या आणि म्हणा, ‘आधीच्यात काही उणं राहिलं असेल तर हे त्याचं प्रायश्चित्त.’ काटोच्या प्रार्थनेतही हीच तरतूद आहे.

धूप हा दम्याच्या माणसाचा वैरी. तो सोडायला आधार आहे: खेडूत दुधानं देवांची आराधना करतात आणि ज्यांच्याकडे धूप नाही ते मोला साल्सानं (मीठ घातलेल्या भाजक्या धान्यानं), असं प्लिनीच लिहितो. घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा सिलिंडर असेल तर वातही लावू नका. नैवेद्य वाटीत ठेवा आणि नंतर झाडाच्या मुळाशी घाला. वाइन ओतायची तरी प्यायलाच हवी असं नाही. गोळ्या चालू असतील तर दूधच बरं.

मोला साल्सा म्हणजे भाजलेलं ‘फार’ धान्य आणि मीठ. हे ‘फार’ म्हणजे आपला खपली गहू, सांगली-साताऱ्याकडे पिकतो तोच. १०० ग्रॅम खपलीचा जाड रवा मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, साधारण दहा मिनिटं. त्यात एक चमचा मीठ कुटून घाला. पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा. कोमट भरलं की झाकणाला घाम येतो आणि आठवड्यात बुरशी धरते. प्रत्येक वेळी चिमूट पुरते, त्यामुळे एवढं कित्येक महिने जातं. खपलीत ग्लूटेन असतं. सिलिअ‍ॅक (ग्लूटेन न चालणारा आजार) असलेल्यानं दळण-भाजणं दुसऱ्याकडून करून घ्यावं.

लीबुम या नैवेद्याच्या पोळ्याचं काटोचं माप म्हणजे दोन रोमन पौंड चीज, एक पौंड पीठ, एक अंडं. चौथा हिस्सा करायचा तर १६० ग्रॅम ताजं पनीर, ८० ग्रॅम पीठ आणि फेटलेल्या अंड्यातलं एक मोठा चमचाभर. पनीर फडक्यात घट्ट पिळा. पाणी राहिलं की गोळा पसरतो, मग आपण पीठ वाढवतो आणि लीबुम दगड होतं. मनगटं दुखत असतील तर पनीर मिक्सरमधून काढा. तमालपत्रांवर ठेवून, वर भांडं पालथं घालून १८० अंशांवर अर्धा तास. चांगल्या दिवशी चार करून फ्रीझरमध्ये टाका.

नवसाबाबत मात्र सांभाळून. रोमन ‘वोतुम’ हा करार असतो. ‘बरा झालो तर’ अशी अट जुनाट दुखण्यात घालू नये, तो नवस कधी फिटलाच नाही असं होतं. साम्राज्याच्या काळात ३ जानेवारीला सम्राटाच्या क्षेमासाठी वर्षभराचे नवस बोलले जात आणि आधीच्या वर्षीचे फेडले जात. तसंच करा: मुदत एक वर्ष, अट मोजता येण्याजोगी. ‘वर्षभरात इस्पितळात राहावं लागलं नाही तर’ ही चांगली अट. देणं एका वस्तूचं कबूल करा, रोजच्या कष्टाचं नको.

ती वस्तू मातीची असावी. साथीमुळे इ.स.पू. २९३ मध्ये आरोग्याचा देव एस्कुलापियस याला ग्रीसमधल्या एपिदौरसहून आणायचं ठरलं आणि टायबर नदीतल्या बेटावर त्याचं देऊळ झालं. नदीत तिथे भाजलेल्या मातीचे हात, पाय असे नवसाचे अवयव सापडले आहेत. रोमन कारागीर साचा वापरत. दुखऱ्या बोटांनाही तोच सोयीचा. आठ सेंटिमीटरच्या पावलाला ३०० ग्रॅम माती भरपूर. सात मिलिमीटरची पोळी साच्यात दाबा, पाठ पोकळ ठेवा. जाड-पातळ झालं की सांध्यात तडा जातो. पाणी कोमट घ्या, गार मातीनं बोटं आखडतात. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत पाच-सहा दिवस सुकवा. फुफ्फुसांचा त्रास असेल तर सुकल्यावर घासू नका, ओल्या स्पंजनं पुसा. नवस फिटल्यावरच ‘वी, एस, एल, एम’ ही लॅटिन आद्याक्षरं कोरायची, म्हणजे ‘नवस आनंदानं आणि योग्य कारणानं फेडला’. म्हणून तुकडा वर्ष सरल्यावरच करायला घ्या. अक्षरं माती ओलसर असतानाच काडीनं काढा; सुकल्यावर कोरायला गेलं की कपचा उडतो.