सागाची निवडक तोड आणि मोजणीचा खोळंबा: माझा अनुभव

सुधागडच्या बाजूला आमचा मालकीचा डोंगर आहे. साग, ऐन, किंजळ भरपूर. ठेकेदाराला सरसकट तोड हवी होती. मला फक्त पक्के झालेले साग द्यायचे होते. ओढ्याकाठची झाडं आणि ढोलीचा जुना बेहडा राखायचा होता. धनेश पक्ष्याची मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते.

साग, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे जमीन मालकीची असली तरी परवानगी लागतेच. सातबारा, आठ-अ, अर्ज, सगळं झटपट झालं. अडलं ते जमिनीच्या मोजणीत. डोंगराला लागून राखीव वन आहे, म्हणून हद्द कायम केल्याशिवाय वनखातं पुढे जाईना, आणि ते योग्यच आहे. पण फी भरून मिळालेल्या तारखेला भूकरमापक आलाच नाही. पुढच्या तारखेला लगतच्या एका खातेदाराला नोटीस पोचली नव्हती, म्हणून मोजणी रद्द. मग पाऊस लागला, रान माजलं, 'आता दिवाळीनंतर या.' मोजणी झाली, तर मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीवर सही करणारे साहेब रजेवर!

मला संताप याचा येतो की मोजकी झाडं तोडा नाहीतर अख्खा डोंगर, मोजणी तीच, कागद तेच, हेलपाटे तेच. मग लोक म्हणतात, एवढं करायचंच तर एकदाच सगळं देऊन टाकू. आमच्याकडचे डोंगर बोडके होण्यात ठेकेदाराइतकाच या खोळंब्याचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, आणि लगतच्या खातेदारांचे मुंबईचे पत्तेही सोबत द्या. वनपाल झाडांवर नंबर टाकायला येईल तेव्हा स्वतः हजर राहा. राखायच्या झाडांना आधीच चुन्याचे पट्टे मारा. ओंडके उतारावरून सरळ खाली ओढू देऊ नका, पावसात तिथेच घळ पडते. हे ठेकेदाराशी कागदावर लिहून घ्या. आणि हो, लाकडाच्या वाहतूक पासाला मुदत असते, गाडी ठरल्यावरच पास काढा.

साग जमिनीपासून वीतभराच्या आत, तिरका छाटायला लावा. उंच खुंटावरचा फुटवा वाऱ्याने मोडतो. आमच्या खुंटांना पहिल्याच पावसात जोमदार फुटवे आले, फार बरं वाटलं. आता एका खुंटावर एकच सरळ फुटवा ठेवून बाकीचे काढतोय.