तुम्ही विचारलंत म्हणून : नव्या ॲम्पवर कुठला नॉब कितीवर?

‘सर, गिटारचा नवीन ॲम्प (ॲम्प्लिफायर) घेतला, दोन चॅनलचा. तुमच्या सेटिंगचा फोटो पाठवाल का?’ मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. शिकायला येणारी मुलं विचारतात, एखाद्या कार्यक्रमात सोबत वाजवलेले लोक विचारतात, कधीकधी मुलांचे वडीलही विचारतात, कारण पैसे त्यांनी भरलेले असतात आणि घरात तो आवाज त्यांनाच सोसावा लागतो. तक्रार साधारण सारखीच असते. दुकानात भारी वाजत होता, घरी आणल्यावर क्लीन (साफ आवाजाचं) चॅनल मुळमुळीत आणि लीड (सोलोसाठी फाटक्या आवाजाच्या) चॅनलवर माश्या घोंगावतात.

फोटो मी पाठवत नाही. लपवण्यासारखं काही नाही त्यात, पण नॉबवरचे आकडे त्या ॲम्पपुरते, त्या गिटारपुरते आणि त्या खोलीपुरतेच खरे असतात. ट्रेबल, मिडल, बेस (वरचे, मधले, खालचे सूर) ही तिकडी बहुतेक ट्यूब ॲम्पमध्ये, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्पमध्ये, पॅसिव्ह असते. म्हणजे ती वाढवत काहीच नाही, फक्त कुठे कमी कापते, कुठे जास्त. त्यामुळे ‘सगळे ५ वर म्हणजे फ्लॅट’ हे गणित तिथेच फसतं. फेंडर ट्विन रिव्हर्ब या ॲम्पवर तिन्ही नॉब शून्यावर आणून बघा, आवाज जवळजवळ गायब होतो. तिन्ही ५ वर ठेवले तर ४००-५०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मधल्या सुरांत, चांगला खोल खड्डा असतो, आणि फेंडरचा तो मोकळा, लख्ख क्लीन त्या खड्ड्यामुळेच आपल्या ओळखीचा झालाय. मार्शलच्या ॲम्पमध्ये तो खड्डा थोडा वर सरकलेला आणि उथळ असतो. वर हे तिन्ही नॉब एकमेकांच्या कामात लुडबुड करतात. ट्रेबल पूर्ण उघडा, मग मिडल आणि बेस कितीही फिरवलात तरी फरक जेमतेम जाणवेल.

मेसा बूगीच्या मार्क मालिकेतल्या ॲम्पमध्ये तर ही तिकडी गेनच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या टप्प्याच्या, आधी बसवली आहे. तिथे बेस ५ वर ठेवून लीड चॅनल लावलं की तो सगळा तळ पुढच्या ट्यूबमध्ये शिरून फाटतो आणि नुसता राडा होतो. म्हणून मार्क वाजवणारे बेस एक-दोनवर ठेवतात, आणि कापलेला तळ शेवटी पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्यूवर (प्रत्येक पट्टीतले सूर वेगळे कमीजास्त करायच्या सरकत्या नॉबवर) परत घेतात. ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ अशा त्या पट्ट्या. आता त्या ॲम्पचा फोटो बघून कुणी आपल्या मार्शलचा बेस एकवर आणला, तर आवाज टिनपाट होणारच.

मग मी सांगतो तो क्रम. आधी आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवा, मग जे चॅनल सगळ्यात जास्त वाजवणार ते लावा, आणि बाकीची चॅनल त्याच्या हिशोबाने जुळवा. एकेक चॅनल सुटं सुटं घेऊन सुंदर करायला बसलात तर तीन सुंदर आवाज मिळतात, पण फुटस्विच (पायाने चॅनल बदलायचं बटण) दाबला की प्रत्येक वेळी वाटतं दुसराच कुणी वाजवायला आला.

आवाजाचं आधी घेतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये बेल लॅबमधून दाखवून दिलं होतं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले त्या मानाने नीट ऐकू येतात. रात्री फ्लॅटमध्ये हळू आवाजात सेटिंग करणारा माणूस मग काय करतो? बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिडल खाली आणतो. बेडरूममध्ये ते झकास वाटतं. तेच सेटिंग जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, ड्रमसोबत मोठं केलं की खाली सगळं घुमायला लागतं, वर झांजांशी मारामारी, आणि मधे जिथे गिटार ऐकू यायला हवी तिथे काहीच नाही. ‘बँडमध्ये माझी गिटार ऐकूच येत नाही’ म्हणणाऱ्यांचा मिडल नॉब मी आधी बघतो. बहुतेकदा तो तीनच्या खालीच सापडतो.

यात आणखी एक मेख आहे. बऱ्याच ॲम्पमध्ये गेन किंवा व्हॉल्यूमच्या नॉबवर एक छोटा ब्राइट कपॅसिटर असतो. नॉब जितका खाली, तितके वरचे सूर त्या कपॅसिटरमधून बाजूने निसटून पुढे जातात. नॉब वर नेला की त्याचा परिणाम विरत जातो. म्हणून कमी गेनवर कानाला बोचणारा आवाज गेन वाढवल्यावर आपोआप गोल होतो. ब्राइट स्विच असेल तर हळू वाजवताना बंद ठेवा. ट्रेबल कमी करून तो बोचरेपणा पूर्ण जात नाही.

आणि वॅटचा गैरसमज. माझ्याकडे मार्शल डीएसएल ४० सीआर आहे, त्याला ४० वॅट आणि २० वॅट असे दोन पर्याय आहेत. लोकांना वाटतं २० वर टाकला की आवाज अर्धा. प्रत्यक्षात पॉवर निम्मी केली की फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो. कानाला अर्धा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे पॉवर दहापट कमी. ४० वॅटचा अर्धा आवाज ४ वॅटला मिळतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही कायद्यातली मर्यादा आहे, तिच्यापुढे २० वॅट काय आणि ४० काय. घरी सराव करायचा तर मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) खाली ठेवा आणि चांगला वाटेल तो टोन लावा, पण ते सेटिंग घरचं. बँडचं सेटिंग जॅमरूममध्ये, ड्रमर वाजवत असतानाच करायचं.

आता चॅनल. माझ्या ॲम्पवर दोन आहेत, क्लासिक गेन आणि अल्ट्रा गेन. पहिल्यात क्लीन आणि क्रंच (थोडा फाटलेला), दुसऱ्यात ओडी १ आणि ओडी २ (ओव्हरड्राइव्ह, जास्त फाटलेले). गेन आणि व्हॉल्यूम दोघांना वेगळे, पण ट्रेबल-मिडल-बेस एकच, दोन्ही चॅनलना मिळून. अनेकांच्या ॲम्पवर असंच असतं आणि त्याबद्दल ते हळहळत असतात. मला ते अडचणीचं वाटत नाही, उलट त्यामुळे चॅनल एकमेकांना धरून राहतात. फक्त कुठल्या चॅनलच्या मताने तो टोन लावायचा हे ठरवावं लागतं. आमच्या बँडमध्ये सत्तर टक्के वेळ मी क्रंचवर असतो, म्हणून मी क्रंचपासून सुरू करतो. तुम्ही चर्चमध्ये वाजवत असाल तर क्लीन, मेटल वाजवत असाल तर अल्ट्रा.

टोनचे नॉब सगळे मध्यावर, प्रेझेन्स (अगदी वरचे सूर) आणि रेझोनन्स (अगदी खालचे) शून्यावर, रिव्हर्ब (आवाजाची गूंज) बंद. मग गेन. इथे मी प्रत्येकाला एकच परीक्षा घ्यायला लावतो. ओपन सी मेजर कॉर्ड धरा, छेडा आणि तशीच वाजू द्या. आत ई ऐकू येतोय का? म्हणजे सी हा सा धरला तर गांधार ओळखू येतोय, की सगळं मिळून गुरगुर? गुरगुर असेल तर गेन खाली. ऐकू येईपर्यंत खाली.

हा गांधारच का, त्यामागे कारण आहे. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज फाडणाऱ्या टप्प्यातून, दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवीन सूर तयार होतात. सा आणि पंचम यांचं नातं २:३ चं. वजाबाकी १, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. म्हणून पॉवर कॉर्ड (नुसता सा आणि पंचम) कितीही गेनवर भरीव वाजते. सा आणि शुद्ध गांधार ४:५. तिथेही वजाबाकी १, म्हणजे दोन सप्तकं खालचा सा. तेही छान बसलं असतं, पण गिटारच्या फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) सप्तकाच्या बारा समान भागांच्या हिशोबाने असतात. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गांधार, त्याच्यापेक्षा गिटारवरचा गांधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन फ्रेटमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा आहे. पंचम मात्र जेमतेम २ सेंट उतरलेला. त्यामुळे गांधाराच्या वजाबाकीतून निघणारा सूर बेसूर पडतो, आणि गेन जितका जास्त तितका तो मोठ्याने ओरडतो. गाण्याची तालीम झालेली मुलं हे लगेच पकडतात. त्यांना ‘गेन कमी कर’ असं सांगावंच लागत नाही, कॉर्ड वाजवली की त्यांचंच तोंड वाकडं होतं.

गेन बसला की एकेक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा, वाजवत वाजवत. डोळे मिटा, आकडे बघू नका. मिडल पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा असा दोन-तीनदा ऐका, मग जिथे गिटार लाकडाची वाटते तिथे थांबा. बेस मात्र एकट्याने ठरवू नका. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झची, बेस गिटारची ४१ ची. त्या ४१ चा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा सूर, बरोबर तुमच्या जाड तारेवर येऊन बसतो. बेसिस्ट वाजवत असताना तुमचा बेस नॉब इतका खाली आणा की एकटी गिटार जराशी हलकी वाटेल. सगळे वाजायला लागले की ती हलकी वाटत नाही. रेझोनन्सचंही तेच. एकट्याने वाजवताना त्याचा मोह फार होतो.

मग अल्ट्रा गेन, सोलोसाठी. इथे लोक गेन आठ-नऊवर नेतात आणि मग सोलो ऐकूच येत नाही म्हणून कुरकुरतात. गेन वाढला की आवाज चेपला जातो, पिकचा आघात मरतो, आणि गिटार बँडच्या मागे जाते. क्रंचपेक्षा गेन थोडा जास्त ठेवा, व्हॉल्यूम बराच जास्त. फुटस्विच दाबल्यावर कॉर्डवरून सोलोवर जाताना जरा जास्तच मोठं वाटायला हवं. स्वतःला लाजल्यासारखं वाटेल इतकं. माझ्या ॲम्पला दोन मास्टर आहेत, मी दुसरा त्यासाठीच राखून ठेवतो. तुमच्याकडे एकच असेल तर बूस्ट (आवाज वाढवणारं) पेडल वापरा, पण ते इफेक्ट लूपमध्ये, म्हणजे ॲम्पच्या गेननंतर पेडल जोडायच्या जागी. आधीच फाटलेल्या चॅनलच्या पुढे, गिटार आणि ॲम्पच्या मधे बूस्ट लावला तर गेन वाढतो, आवाज नाही. ट्यूब स्क्रीमर हे पेडल पुढे लावतात ते वेगळ्या कारणाने. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, की तो तळ कापून मधले सूर पुढे ढकलतो आणि घट्टपणा येतो.

क्लीन शेवटी. टोनचे नॉब आता हलवायचे नाहीत, ते क्रंचला दिलेले आहेत. क्लीन काळवंडलेलं वाटत असेल तर गिटारवरचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) बदलून बघा, ब्रिजचा किंवा मधला. लेव्हल ठरवताना एक लक्षात ठेवा. क्लीनला चेपण नसते, त्यामुळे त्याचे आघात उंच आणि मधला भाग पोकळ असतो. एकट्याने ऐकताना क्रंचच्या बरोबरीचं वाटलेलं क्लीन ड्रमखाली बुडतं. त्याला वाटतं त्याहून थोडा जास्त व्हॉल्यूम द्या. आणि दर वेळी फुटस्विच वापरायची गरजही नसते. क्रंचवर असताना गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम सहावर आणला की जवळजवळ क्लीन मिळतं. कितीतरी जण तो नॉब कायम दहावरच ठेवतात.

प्रेझेन्स सगळ्यात शेवटी आणि जागेवरून उठून. बारा इंची स्पीकर वरचे सूर झोतासारखे सरळ समोर फेकतो. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याच्या पुढ्यात उभे असाल तर ते सूर तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतात. तुम्हाला आवाज मंद वाटतो, तुम्ही ट्रेबल आणि प्रेझेन्स वाढवता, आणि समोर दहा फुटांवर बसलेल्याच्या कानाला भोकं पडतात. साउंडवाला माइक स्पीकरच्या मध्यावर लावतो, त्यालाही तोच कर्कशपणा मिळतो, आणि मग तो डेस्कवर तुमचा सगळा टोन कापून टाकतो. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. माइक स्पीकरच्या मध्यापासून दोन बोटं बाजूला सरकवायला सांगा. नम्रपणे, कारण पुढचे दोन तास तुमचा आवाज त्याच्या हातात असतो.

बाहेरून आणलेल्या ॲम्पबद्दलही विचारतात म्हणून सांगतो. अमेरिकेहून भावाने किंवा मित्राने आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. आत व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि तो ॲम्पच्या खपापेक्षा मोठा घ्या. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. मांडवात जनरेटरवर वाजवायचं असेल तर माइकला ओठ लावण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. एक हात तारांवर आणि तोंड माइकवर असताना बसलेला झटका साधा नसतो.

रिव्हर्ब राहिला. तो जागा बघूनच उघडायचा. गालिचे लावलेल्या जॅमरूममध्ये तीनपर्यंत चालतो. मंगल कार्यालयात, खाली फरशी आणि वर पत्रा असताना, मी तो शून्यावरच ठेवतो.