दिंडोरी रोडची शेड आणि माझा भागीदार

नाशिकमध्ये दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या अलीकडे आमची पत्र्याची शेड आहे. द्राक्षबागेचे ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागची पंख्याची फवारणी यंत्रं, दुरुस्त करतो, मागणी आली तर नवेही बांधून देतो. 2008 साली दोघांनी ती उभी केली. त्यातला एक आता नाही, म्हणून आमची वाटचाल लिहायला बसलो की पहिल्यांदा त्याचंच लिहावं लागतं.

आम्ही दोघं सातपूरच्या एका कारखान्यात पंपाच्या जोडणीला होतो. नोकरी सोडायचं त्याच्या डोक्यात आलं, मी त्याच्यामागे गेलो. जुना लेथ, एक ड्रिल मशीन आणि वेल्डिंगचा सेट एवढ्यावर सुरुवात झाली. तेव्हा दुरुस्ती म्हणजे एचटीपीचे, म्हणजे फवारणीच्या पंपाचे, वॉशर बदलायचे, ऑइल घालायचं, गेजवर प्रेशर दाखवायचं आणि बिल फाडायचं. त्याला ते कधीच पटलं नाही. तो प्रत्येक नोझलला नळी जोडून मिनिटभर पाणी मोजपात्रात धरायचा. बारा नोझल, बारा पात्रं. नव्या डिस्कपेक्षा (नोझलमधली छिद्राची चकती) दहा टक्क्यांहून जास्त पाणी आलं की ती डिस्क बाद. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारणाऱ्यांच्या डिस्क तर लवकरच झिजतात. छिद्र डोळ्यांना जसंच्या तसं दिसतं, पण एका बाजूचे घड न्हाऊन निघतात आणि दुसऱ्या बाजूला डाऊनी, म्हणजे केवडा रोग, शिरते. मग बागाईतदार औषधाला दोष देतो.

एवढ्यावर त्याचं भागत नसे. बागेत जाऊन पानांना पिवळा कागद टाचायचा. थेंब पडेल तिथे तो निळा होतो. कागद महाग, म्हणून एकेकाचे चार तुकडे करायचा. साध्या पाण्याची चाचणी असली की मुलीला बरोबर आणायचा. ती त्याच्या मांडीवर बसून निळे ठिपके मोजायची. मोजता मोजता आकडा चुकला की तो पुन्हा एकपासून सुरू करायला लावायचा, आणि गिऱ्हाईक खोळंबलं तरी उठायचा नाही. मला तेव्हा राग यायचा. आज वाटतं, बसू दिलं ते बरं केलं.

मधली वर्षं चांगली गेली. शेड वाढली, माणसं चार झाली.

2019 ची कोजागरी झाली आणि त्याच आठवड्यात तो पहाटे झोपेतच गेला. हृदयविकाराचा झटका. वय 37. मुलगी पाच वर्षांची. गोडी बहार छाटणीचा, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीचा, ऐन हंगाम, अंगणात 19 ब्लोअर उघडे पडलेले. बँकेत गेलो तर खातं थांबलेलं. फर्म दोनच भागीदारांची असली आणि एक गेला की फर्म तिथेच संपते. 1932 चा भागीदारी कायदा आहे तसा. जीएसटीचा नंबरही नवा घ्यावा लागला. डिस्क आणि डायफ्राम देणाऱ्यांनी रोख मागायला सुरुवात केली.

आणि पाऊस. त्या वर्षी दिवाळी 27 ऑक्टोबरची, तरी पाऊस हटेना. लवकर छाटलेल्या बागा फुलोऱ्यात सापडल्या, घड कुजायला लागले. ट्रॅक्टर चिखलात रुतायचे आणि तरी लोकांना रोज फवारायचं होतं. अशा दिवसांत आमच्याच धंद्यातल्या एकाने गावोगाव सांगितलं की दिंडोरी रोडची शेड बंद झाली. आमचा एक कारागीर त्याच्याकडे गेला. जाताना वहीच्या पानांचे फोटो घेऊन गेला. त्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर, पंख्याचा कोन, डिस्कचा नंबर, प्रेशर, सगळं माझ्या मित्राच्या अक्षरात आहे. अकरा वर्षांची मेहनत फोटोतून गेली. त्या माणसाशी मी आजही बोलत नाही आणि बोलणारही नाही.

खेडगावचे तात्या, सात एकर थॉमसन द्राक्षवाले, आमचं पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. ते एका संध्याकाळी भिजत आले. मी शटर अर्धं ओढून बसलो होतो. म्हणालो, "तात्या, दुसरीकडे न्या, माझ्याच्यानं होणार नाही." ते टाकीवर बसले. "तो गेला म्हणून मापं गेली का रे? धर पात्र. घड्याळ मी बघतो." रात्री अकरापर्यंत ते "सोड" आणि "बंद" म्हणत राहिले, मी पात्रं धरत राहिलो. निघताना सगळ्या हंगामाच्या कामाचे पैसे आगाऊ हातावर ठेवले. त्यांची स्वतःची निम्मी बाग त्या वर्षी गेली होती. त्यांच्या पैशांतून डिस्क आल्या आणि 19 च्या 19 ब्लोअर आम्ही बाहेर काढले.

पुढे मार्च 2020 ला ऐन तोडणीत लॉकडाऊन लागलं, उधारी अडकली, ते सोसलं.

भागीदारीत धंदा करणाऱ्यांना सांगतो: दोघांवर थांबू नका, तिसरं माणूस घ्या, घरचं चालेल. आणि एखादा भागीदार गेला तरी फर्म चालू राहील, हे करारपत्रात लिहून घ्या. आम्ही चांगल्या माणसाच्या भरवशावर राहिलो, लिहून काही ठेवलं नाही. आता वहिनी भागीदार आहेत, माझी बायको तिसरी. आणि बागाईतदारांनो, बोर्डो मारल्यावर टाकी आणि गाळणी त्याच दिवशी धुवा.

वही माझ्याकडेच आहे, लेथशेजारच्या कपाटात. मागच्या चार पानांवर त्याच्या मुलीने ब्लोअर काढलेत. पंख्याला पाकळ्या आहेत, बाजूला ट्रॅक्टरवर बाबा. त्या पानांचा फोटो कोणी काढला नव्हता. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती शेडवर आली, वही उघडून बराच वेळ बघत राहिली, आणि नंतर विचारलं, "काका, बाबा पाणी कुठल्या पात्रात धरायचे?"

मी दाखवलं.