आगेऱ्याच्या जेवणानंतरचे आभार

ठाण्याच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या धर्मग्रामात) आगेऱ्याचं, म्हणजे ईस्ट इंडियन कॅथलिकांच्या ऑक्टोबरमधल्या सुगीच्या सणाचं, जेवण झालं की पुढच्या रविवारी मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) शेवटी, सूचनांबरोबर आभार मानले जातात. तिथे नावांची यादी वाचू नये. एक नाव सुटलं की वर्षभर रुसवा! कामानुसार बोलावं: चिरणारे, फुगे (पिठाचे तळलेले गोळे) तळणाऱ्या, वाढपी, मांडववाले. हमखास विसरले जातात ते टोप घासणारे, आणि सगळ्यात उशिरा घरी जातात तेच.

खरे आभार मात्र जेवणाच्या दिवशीच, पानातून. वाढपी शेवटी बसतात आणि तोवर मटणाचा नुसता रस्सा उरतो. म्हणून 100 पानांना 10 किलो तांदूळ धरला असेल आणि स्वयंसेवक 25 असतील, तर अडीच किलो वाढवा. मटणही त्याच हिशोबात. त्यांचा वाटा पहिली पंगत बसण्याआधीच वेगळ्या टोपात काढून झाकून गरम ठेवा.

उरलेला भात घरी द्यायचा तर परातीत पातळ पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. खोल टोपात मधला भात कितीतरी वेळ कोमट राहतो. त्यात जंतूंनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर शंका आली की टाकलेलाच बरा.