बांधीतला खो-खो आन् वैनीचं मनोगत

धानाची चुरणी आटोपली की आमच्या मंडळाचं संमेलन लागते. भंडारा जिल्ह्यातलं लहानसं गाव, दिवसा रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वावरात, खेळ आन् रात्री गडचिरोलीकडच्या वडसाच्या नाटक कंपनीचं नाटक. दीपप्रज्वलन, हारतुरे, सत्कार सगळं होतेच. मी वर्षभर वाट पाहतो ती दुसऱ्या दिवशीच्या दुपारची, खेळलेले लोकं माइकवर येऊन मनोगत सांगतात तेव्हाची.

२०२४ ला पहिल्यांदा बायांचा खो-खो ठेवला. माझ्या वैनीचा आवाज आम्ही घरात पंधरा वर्षांत मोजून ऐकला असंल, ती पदर खोचून उतरली आन् पाच मिनिटांत साऱ्या टीमला हुकूम सोडून राहिली होती, "पलटू नोको, खो दे, खो दे!" खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागं पलटता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही, पळणारा पट्टीच्या पलीकडे गेला की तिकडे तोंड करून बसलेल्याला पाठीमागून खो द्यायचा आन् आपण त्याच्या जागेवर बसायचं, पळणाऱ्यापर्यंत आपला हात पुरत होता तरी बसायचं. वैनी पटकन बसे. मी वीस वर्षं खेळलो, पण मी खो देतच नव्हतो, एकटाच धावायचो आन् त्याला माझी ताकद समजायचो. तिला पाहताना कळलं, माझा दुसऱ्यावर भरवसाच नाही. शेतातली मोटरही मी भावाला चालू करू देत नव्हतो.

दुपारी वैनी माइकवर आली. "माह्या आवाजात एवढा जोर आहे हे मलेच मालूम नव्हतं. शाळेत होती तवा असाच होता, मंग कुठी गेला काय मालूम." एवढं बोलून बसली. भाऊ उठून पाण्याच्या टाकीकडे गेला तो लई वेळ आलाच नाही.

ते ऐकायला मंडपात चाळीस माणसं होती, मी मोजली. रात्रीच्या नाटकाला मात्र पाय ठेवायला जागा नसते! आन् नागपूर-पुण्याला गेलेले आमचे जुने खेळाडू ग्रुपवर हात जोडतात, येत कोणी नाही, याचं मला खरंच वाईट वाटते.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपली पोरं आन् पोरी दोन्ही जिंकले, वैनीनं मोबाइलवर पाहिलं आन् पोरीला जवळ बसवून दाखवत होती, पाह्य, खो देऊन कशी पटकन बसून राहिली ती.

आता आभार: मैदानावर चुन्याची फक्की मारणारे पीटीचे सर, खांब रोवणारे सुतारकाका, पोह्यासाठी पहाटे कांदे चिरणाऱ्या बचत गटाच्या मावश्या, पैसे न घेता माइक देणारा डेकोरेशनवाला भाऊ, टँकर ओढून आणणारा ट्रॅक्टरवाला पोट्टा, मलमपट्टी घेऊन उन्हात बसणाऱ्या आशाताई, आन् शाळेचे शिपाईभाऊ, ज्यांचं नाव मागच्या आभारात राहून गेलं आन् मला दोन रात्री झोप नव्हती. बांधीवाले काका तं सगळ्यात आधी पाहिजे होते. बाकी गाव उभ्या धानात लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी, टाकते, काका तेवढी एक बांधी दरवर्षी आमच्यासाठी कोरी ठेवतात.